केल्पच्या जंगलात डाइव्ह करताना कोणते प्राणी दिसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केल्पच्या जंगलात पहिली डाइव्ह करून वर आलेले बरेच जण म्हणतात, "जंगल फार सुंदर होतं, पण प्राणी फारसे दिसले नाहीत." प्राणी तिथे असतात. आपण त्यांच्या हातभर अंतरावरून पोहत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. भर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहे, कारण माझ्या बहुतेक डाइव्ह तिथल्या. इतर देशांबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

केल्प म्हणजे झाड का?

नाही. केल्प हे तपकिरी शैवाल आहे. त्याला मुळं नसतात. तळाशी बोटांसारख्या फांद्यांचा एक गुंता खडकाला घट्ट धरून असतो, त्याला आपण पकड म्हणू. ही पकड खडकातून काहीही शोषत नाही, फक्त धरून ठेवते. खनिजं पानांमधून थेट पाण्यातून घेतली जातात. जायंट केल्प या मोठ्या जातीच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा एक छोटा फुगा असतो, त्यावर सगळा डोलारा उभा राहतो. परिस्थिती अनुकूल असेल तर हे शैवाल दिवसाला ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतं. त्याला थंड, खनिजांनी भरलेलं पाणी लागतं आणि तळापर्यंत उजेड लागतो. त्यामुळे ही जंगलं किनाऱ्यालगत, साधारण ३० मीटरच्या आतल्या खोलीवर असतात. म्हणजे नेमकी डायव्हरला सहज जाता येईल अशा ठिकाणी.

मग मला प्राणी का दिसत नाहीत?

कारण तुम्ही पोहत असता. प्रवाळाच्या समुद्रात रंग स्वतः समोर येतात. इथे बहुतेक सगळ्यांनी केल्पचाच रंग घेतलेला असतो: मधासारखा, तांबूस, ऑलिव्हसारखा हिरवट. आणि पाणी सतत पुढे-मागे झुलत असतं, त्यामुळे हलणारी प्रत्येक गोष्ट पानच वाटते.

माझा सल्ला एवढाच: एक केल्प निवडा आणि त्याच्या शेजारी पाच मिनिटं थांबा. तळापासून सुरुवात करा आणि हळूहळू वर या. जंगलाला मजले असतात. पकडीच्या गुंत्यात वेगळी वस्ती, मधल्या खोडापाशी वेगळी, आणि पृष्ठभागावर पसरलेल्या छताखाली वेगळी. कोण कुठल्या मजल्यावर राहतं हे एकदा लक्षात आलं, की डोळे आपोआप योग्य जागी जातात.

एक भडक केशरी मासा माझ्या अंगावर धावून आला. तो कोण?

गॅरिबाल्डी. दक्षिण कॅलिफोर्नियात हा एकमेव मासा असेल जो स्वतःहून तुमच्या नजरेत भरतो. १९९५ साली त्याला कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा म्हणून मान मिळाला आणि त्याला पकडायला बंदी आहे. जेमतेम एक फूट लांबीचा मासा, पण धिटाई अशी की डायव्हरच्या मास्कसमोर येऊन उभा राहतो.

तो धावून आला तो नर असणार, आणि त्याचं घरटं जवळपास असणार. नर खडकाचा एक तुकडा निवडतो, तिथला सगळा केरकचरा तोंडाने उचलून बाहेर टाकतो आणि फक्त लाल शैवाल ठेवतो. त्याची निगा तो वर्षानुवर्षं राखतो. मादी येऊन त्या शैवालावर अंडी घालते आणि निघून जाते. पुढची राखण एकट्या नराची. अंडी ताजी असतात तेव्हा पिवळी दिसतात, आतली पिल्लं वाढायला लागली की राखाडी होतात. मी एकदा एका घरट्यापासून दोन मीटरवर बसून पाहिलं. एक अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी, सरकत सरकत कडेला आलं. नराने त्याचा एक काटा तोंडात धरला, त्याला उचलून हातभर लांब नेऊन टाकलं आणि लगेच परत जागेवर आला. अर्चिन पुन्हा आलं, त्याने पुन्हा नेलं. म्हणून तो तुमच्याकडे धावला तर मागे सरका. त्याची जागा आहे.

आणखी एक: गडद केशरी अंगावर चमकदार निळे ठिपके असलेला छोटा मासा दिसला, तर तो वेगळ्या जातीचा नाही. ते गॅरिबाल्डीचं पिल्लू. मोठं होताना निळे ठिपके जातात.

काळं डोकं, काळी शेपटी, मध्ये लाल पट्टा आणि पांढरी हनुवटी असलेला मोठा मासा?

शीपहेडचा नर. त्याच्या आसपास फिरणारे गुलाबीसर मासे या जातीच्याच माद्या. इथे प्रत्येक मासा मादी म्हणून आयुष्य सुरू करतो आणि पुढे त्यातले काही नर होतात. या बदलाच्या मधल्या अवस्थेतला मासा दिसला तर गुलाबी अंगावर काळा रंग डोक्याकडून आणि शेपटीकडून चढत आलेला असतो. त्याचे पुढे आलेले दात अर्चिनचं कवच फोडायला असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

केल्पच्या पानांवर काय शोधायचं?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

पानावर पांढरी, बारीक जाळी चढलेली दिसेल. रोग वाटतो, पण ती सजीवांची वसाहत आहे. ब्रायोझोआ नावाचे सूक्ष्म प्राणी एकमेकांना चिकटून चौकोनी खोल्या बांधतात आणि प्रत्येक खोलीत एक प्राणी असतो. त्या जाळीवर चरणारी इवलीशी न्यूडिब्रँक गोगलगाय रंगाने, नक्षीने हुबेहूब जाळीसारखीच असते. भिंग असेल तर डाइव्हला घेऊन जा.

पानांच्या गर्दीत एखादं पान जरा जास्तच जाड वाटलं, तर त्याला डोळा आहे का बघा. केल्पफिश हा मासा उभ्या पानासारखा लोंबकळत राहतो आणि पाण्याबरोबर पानासारखाच झुलतो. रंगही परिसराप्रमाणे बदलतो. केल्प रॉकफिश तर खोडाला टेकून डोकं खाली करून निवांत असतो, कुणी टांगून ठेवल्यासारखा. केल्प खेकडा ओळखायचा तर पायांवरून: लांब, टोकदार, खोडाला आकड्यांसारखे अडकवलेले. तो चिमटा घट्ट काढतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नशीब जोरावर असेल तर मेलिबे दिसते. ही पारदर्शक न्यूडिब्रँक, डोक्याला मोठी टोपी, टोपीच्या काठाला झालर. टोपी उघडून पाण्यात फिरवायची, आत आलेले सूक्ष्म जीव झालरीत अडकवायचे आणि टोपी मिटायची, असं तिचं जेवण चालतं. कधी कधी एकाच पानावर डझनभर बसलेल्या असतात आणि सगळ्यांच्या टोप्या आळीपाळीने उघडतात, मिटतात. पाण्याबाहेर तिला कलिंगडासारखा वास येतो.

जांभळं अंग आणि भडक केशरी झालर असलेली न्यूडिब्रँक खडकावर दिसली तर ती स्पॅनिश शॉल. इतकी लहान आणि इतकी रंगीत की कॅमेरेवाले तिथून हलत नाहीत. तिचा रंग शत्रूंना इशारा असतो.

शार्क असतात का? भीती वाटते.

असतात, आणि बहुतेक तुमच्यापेक्षा लाजाळू असतात.

लेपर्ड शार्क सडपातळ, अंगावर काळे खोगिरासारखे ठिपके. उन्हाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ला होयाच्या उथळ, कोमट पाण्यात गाभण माद्या मोठ्या संख्येने जमतात. हॉर्न शार्क तळाशी कपारीत पडून असतो, दोन्ही पाठपरांच्या पुढे एकेक काटा. त्याचं अंडं स्क्रूसारखं पिळदार असतं आणि ते दगडांच्या फटीत घट्ट बसतं, लाटांनी निघत नाही. स्वेल शार्कला कुणी छेडलं तर तो पाणी गिळून फुगतो, मग त्याला कपारीतून ओढून काढणं अशक्य. एंजल शार्क वाळूत अंग पुरून पडलेला असतो, फक्त डोळे आणि पाठीची आकृती दिसते. त्याच्यावर पाय किंवा फिन पडू देऊ नका, छेडला तर चावतो. वाळूतले मोठे खड्डे मात्र शार्कचे नसतात. ते बॅट रे नावाच्या पाकटाने शिंपले उकरताना केलेले असतात.

मोठा पांढरा शार्क याच समुद्रात राहतो आणि सीलच्या मागावर केल्पजवळही येतो. पण डायव्हरला तो दिसणं फार विरळ.

समुद्री पाणमांजर दिसेल का?

मध्य कॅलिफोर्नियात, म्हणजे मॉन्टेरे आणि बिग सरच्या बाजूला, चांगली शक्यता. पण बहुधा पाण्याखाली नाही, वर. डाइव्हआधी बोटीवरून किंवा किनाऱ्यावरून केल्पच्या छताकडे पाहा. पाठीवर तरंगणारं, अंगाभोवती केल्पचा पट्टा गुंडाळून झोपलेलं पाणमांजर दिसेल. वाहून जाऊ नये म्हणून तो नांगर.

देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा थर असतो, पाणमांजराला तो नाही. थंडीपासून बचाव फक्त फरचा, आणि तो सगळ्या सस्तन प्राण्यांत दाट: सर्वांत दाट भागात एका चौरस सेंटीमीटरमध्ये लाखाच्या वर केस. शरीर गरम ठेवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खावं लागतं. काखेतल्या कातडीच्या घडीत ते शिकार ठेवतं, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले आपटतं. डाइव्हच्या तयारीत असताना शांत सकाळी तो टकटक आवाज पाण्यावरून ऐकू येतो. एकदा ओळखला की विसरत नाही.

या फरसाठीच माणसाने त्यांना जवळजवळ संपवलं. १९११ साली अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून शिकार थांबवली तेव्हा जगभरात फार तर दोनेक हजार उरली होती. कॅलिफोर्नियात ती संपलीच असं लोक धरून चालले होते. मग १९३८ मध्ये बिग सरजवळ एक छोटा कळप लोकांसमोर आला. आज मध्य कॅलिफोर्नियात दिसणारी सुमारे तीन हजार पाणमांजरं त्या थोड्या उरलेल्यांची वंशज आहेत.

सील आणि समुद्रसिंह यांत फरक कसा ओळखायचा?

कान आणि पोहण्याची पद्धत बघा. समुद्रसिंहाला बाहेर छोटे कान असतात, तो पुढच्या वल्ह्यांनी पोहतो आणि पाण्यात गिरक्या घेत येतो. हार्बर सीलला कानांच्या जागी फक्त भोकं, अंग ठिपकेदार, आणि तो मागचा भाग हलवत मुकाट्याने येतो. समुद्रसिंह समोर येऊन बुडबुडे सोडतो. सील मागून येतो. फिन ओढल्यासारखी वाटली आणि बडी (डाइव्हमधला जोडीदार) समोरच दिसतोय, तर मागे वळून बघा.

खडकांच्या कपारीत टॉर्च मारला तर काय सापडेल?

शेवंड. कॅलिफोर्नियाच्या शेवंडीला नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. कपारीतून त्या मिशा बाहेर आलेल्या आधी दिसतात. धोका वाटला तर मिशांच्या बुडाशी घासून ती कर्कश आवाज काढते, पाण्यात तो स्पष्ट ऐकू येतो. शेजारीच मोरे ईल हा सापासारखा मासा तोंड उघडमिट करत बसलेला असतो. तो धमकी देत नसतो, श्वास घेत असतो. त्याच्या तोंडापाशी लाल कोळंब्या बिनधास्त फिरताना दिसतील, त्या त्याची सफाई करतात.

कपारीसमोर रिकाम्या शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा ढीग दिसला तर आत ऑक्टोपस आहे. ढीग ताजा असेल तर थांबा. तुम्ही हलला नाहीत तर एक डोळा हळूच वर येतो.

अबलोनी ही मोठी समुद्री गोगलगायही इथलीच, पण दुर्मिळ झाली आहे. पांढरी अबलोनी २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आली. असं संरक्षण मिळालेली ती पहिली अपृष्ठवंशी सागरी जात.

जायंट सी बास खरंच माणसाएवढा असतो?

त्याहून मोठा. दोन मीटरच्या वर लांबी, वजन अडीचशे किलोपर्यंत, आयुष्य सत्तर वर्षांच्या पुढे. पकडून पकडून तो इतका कमी झाला की १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याची मासेमारी बंद केली. आता दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॅटालिना बेटाच्या आसपास उन्हाळ्यात तो पुन्हा दिसू लागला आहे. केल्पच्या पडद्यामागून एक अंधारलेली भिंत सरकत पुढे येते आणि मग तिला डोळा असल्याचं लक्षात येतं. श्वास रोखून धरावासा वाटतो, पण डाइव्हमध्ये श्वास रोखायचा नसतो. सावकाश सोडत राहा आणि त्याच्याकडे पोहत जाऊ नका. तो स्वतः येतो.

काही ठिकाणी केल्पच नाही, नुसते जांभळे अर्चिन पसरलेले आहेत. असं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने जंगल नीट पाहिलेलं असतं.

जांभळा अर्चिन केल्प खातो. निरोगी जंगलात तो कपारीत बसतो आणि तुटून वाहत आलेली पानं खातो. बाहेर पडला तर त्याला खाणारे असतात: उत्तरेकडे पाणमांजर आणि सूर्यफूल तारामासा, दक्षिणेकडे शीपहेड आणि शेवंड. हे रखवालदार गेले की अर्चिन कपारीबाहेर येतात आणि केल्पची पकडच कुरतडतात. पकड तुटली की अख्खं केल्प वाहून जातं.

जेम्स एस्टीस या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर हे दाखवून दिलं. जिथे पाणमांजरं होती तिथे केल्प होतं, जिथे नव्हती तिथे अर्चिनने झाकलेला उघडा खडक.

उत्तर कॅलिफोर्नियात हेच पुन्हा घडलं. २०१३ पासून तारामाशांमध्ये झिजण्याचा रोग पसरला. त्यापाठोपाठ समुद्रात उष्णतेची लाट आली आणि केल्प आधीच अशक्त झालं. अर्चिन मोकाट सुटले आणि तिथल्या बुल केल्प या केल्पच्या जातीची नव्वद टक्क्यांहून अधिक जंगलं गेली. वाईट भाग असा की उपाशी अर्चिन मरत नाही. कवचाच्या आत जवळपास रिकामा होऊन तो वर्षानुवर्षं तग धरतो, आणि रिकाम्या अर्चिनला पाणमांजरही हात लावत नाही. अशा उजाड खडकावरून पोहताना फार वाईट वाटतं. तरीही एक डाइव्ह तिथे करा. शेजारच्या जंगलातला शीपहेड आणि शेवंड त्यानंतर वेगळे दिसतात.

सूर्यफूल तारामासा आता दिसत नाही का?

कॅलिफोर्नियात जवळजवळ नाही. चोवीसपर्यंत हात, मीटरभर व्यास, आणि तारामाशाच्या मानाने पळतच येणारा हा शिकारी. रोगाने त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त संख्या संपली. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी रोगामागचा जिवाणू शोधला, तो व्हिब्रिओ कुळातला निघाला. प्रयोगशाळांमध्ये तारामासे वाढवण्याचं काम चालू आहे. तुम्हाला एखादा दिसलाच, तर फोटो, खोली आणि जागा स्थानिक संशोधकांना कळवा. अशा नोंदीची किंमत फार मोठी असते.

इतर देशांतल्या केल्पमध्ये हेच प्राणी असतात का?

नाही, पण कामं तीच आणि करणारे वेगळे. दक्षिण आफ्रिकेत फॉल्स बेच्या केल्पमध्ये पफॅडर शायशार्क असतो. घाबरला की अंगाचं वेटोळं करून शेपटीने डोळे झाकतो. तिथेच लांब पट्ट्यांचा पायजमा शार्क, शिंपले अंगावर ओढून लपणारा ऑक्टोपस आणि केप फर सील. टास्मानियात वीडी सीड्रॅगन बघायला लोक मुद्दाम जातात. समुद्रघोड्याचा नातेवाईक, अंगाला पानांसारखे पदर. नर सुमारे अडीचशे अंडी शेपटीखाली चिकटवून फिरतो. तिथलं जायंट केल्प मात्र पाणी तापल्यामुळे इतकं घटलं की ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये त्या जंगलांना संकटग्रस्त परिसंस्था जाहीर केलं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगोमध्ये डार्विनने १८३४ साली केल्पची पकड झटकून पाहिली होती आणि त्यातून पडलेल्या मासे, शिंपले, खेकडे, तारामाशांच्या ढिगाने तो थक्क झाला. या पाण्यातल्या जंगलांची तुलना त्याने विषुववृत्तीय जंगलांशी केली.

केल्पमध्ये अडकायला होतं का?

होतं, आणि घाबरलं नाही तर सुटायलाही होतं. लोंबणारी साधनं अंगाशी बांधून घ्या. अडकलात तर वळू नका, वळलं की गुंता वाढतो. थांबा, बडीला दाखवा. केल्प ओढून तुटत नाही, पण दुमडून मोडलं की पेन्सिलीसारखं तुटतं. वर येताना छतातली उजेडाची खिडकी शोधून तिथून या, आणि टाकीत पुरेशी हवा ठेवून निघा, म्हणजे पाण्याखालूनच किनाऱ्याकडे जाता येतं.

प्राण्यांना हात लावला तर चालतं?

नाही. सील, समुद्रसिंह आणि पाणमांजर यांना त्रास देणं हा अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याने गुन्हा आहे. गॅरिबाल्डीला अर्चिन फोडून खायला घालणंही सोडा. त्या नादात घरटं उघडं पडतं.

कोणत्या महिन्यांत जावं?

मध्य कॅलिफोर्नियात सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी सर्वांत स्वच्छ. वसंतात खोलातलं थंड पाणी वर येतं, पाणी हिरवं आणि गढूळ होतं, पण सगळ्या जंगलाला खाणं त्यातूनच मिळतं. गॅरिबाल्डीची घरटी बघायची तर वसंत ते उन्हाळा.

रात्रीच्या डाइव्हला काय वेगळं दिसतं?

दिवसाची पाळी संपलेली असते. दिवसभर झुंडीने फिरणारे सेन्योरिता मासे वाळूत शिरून झोपतात, कधी नुसतं डोकं बाहेर असतं. शेवंडी कपारी सोडून उघड्यावर चालतात. ऑक्टोपस शिकारीला निघतो, हॉर्न शार्क तळाशी हुंगत फिरतो. टॉर्च क्षणभर छातीशी धरून झाका आणि हात हलवा, पाण्यात निळसर ठिणग्या उडतात.

आणि खोडांवर लक्ष ठेवा. बोटभर लांबीची, मधाच्या रंगाची पिशवी चार दोऱ्यांनी केल्पला गुंडाळलेली दिसेल. ते स्वेल शार्कचं अंडं. हात न लावता टॉर्च पिशवीच्या मागे धरा. आत पिवळा बलक दिसतो, आणि बलकाला जोडलेलं बोटाच्या पेराएवढं पिल्लू शेपटी सतत हलवत असतं. अंड्यातलं पाणी खेळतं ठेवायला ते असं हलतं. बाहेर यायला त्याला नऊ ते बारा महिने लागतात. दिवा पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.